मिनिटांनी कमावलेले डेसिबल: १३७ आणि ४७५ किलोहर्ट्झवरचे क्षीण सिग्नलचे मोड

१३७ किलोहर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ २१९० मीटर. पाव तरंगलांबीचा उभा अँटेना करायचा म्हटलं तर साडेपाचशे मीटरचा मनोरा हवा. ४७५ किलोहर्ट्झवर तरंगलांबी ६३० मीटरच्या आसपास, म्हणजे तिथेही दीडशे मीटरच्या पुढेच. हौशी रेडिओवाल्याच्या हाती असतो दहा-बारा मीटरचा खांब आणि त्यावरून ताणलेली तार. ट्रान्समीटरमधून निघालेली बहुतेक शक्ती जमीन आणि कॉइल तापवण्यात संपते, हवेत जाते ती चिमूटभर. एवढ्याशा सिग्नलने शेकडो, कधी हजारो किलोमीटर गाठायचे तर वाटा दोनच: वॅट वाढवा, नाहीतर वेळ वाढवा. वेळ वाढवणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. अट एकच, तेवढा वेळ आपलं यंत्र जागचं हलता कामा नये. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच अटीभोवती फिरतं.

आधी नियम. २००७च्या जागतिक रेडिओ परिषदेत १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा हौशी सेवेला दुय्यम दर्जाने मिळाला, मर्यादा १ वॅट ईआयआरपी, म्हणजे सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या हिशोबाने मोजलेली प्रसारित शक्ती. २०१२च्या परिषदेत ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ मिळाला. तिथेही १ वॅटच, पण काही ठरावीक देशांच्या सीमेपासून ८०० किलोमीटरपेक्षा दूरच्या ठिकाणी त्या त्या प्रशासनाला ५ वॅटपर्यंत सूट देता येते. आपल्या परवान्यात हे पट्टे आहेत का आणि कोणत्या अटींवर, ते वाचल्याशिवाय ट्रान्समीटर जोडू नका. परवाना नसेल तर नुसतं ऐका, त्यातही अर्ध्याहून जास्त शिकणं होतं. आणि ही मर्यादा ट्रान्समीटरवर लिहिलेल्या वॅटची नाही, अँटेनातून खरोखर बाहेर पडलेल्या शक्तीवरून मोजायची आहे. म्हणून गणित करावंच लागतं.

एका तारेचं गणित

१० मीटर उभी तार आणि तिच्या माथ्यावर ३० मीटर आडवी तार घेऊ, म्हणजे उलटा एल. अशा तारेची जमिनीशी धारिता मीटरला साधारण ६ पिकोफॅरड धरतात, ४० मीटरला २४० पिकोफॅरड. अनुनादासाठी, म्हणजे तार त्या फ्रिक्वेन्सीला जुळवायला, ४७५ किलोहर्ट्झवर ४६८ मायक्रोहेन्रीची कॉइल लागेल, १३७वर ५.६ मिलिहेन्री. आडवी तार स्वतः फारसं प्रसारण करत नाही, तिच्यामुळे उभ्या तारेत वरपर्यंत प्रवाह टिकतो. खाली प्रवाह १ धरला तर माथ्यावर ०.७५ उरतो, सरासरी ०.८७५, म्हणून प्रभावी उंची ८.७५ मीटर.

प्रभावी उंचीला तरंगलांबीने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि १५७९ने गुणा. हा प्रसारण रोध. ४७५वर तो ०.३ ओहम येतो, १३७वर ०.०२५ ओहम. पंचवीस मिलिओहम! एखादा सैल नटबोल्टसुद्धा याहून जास्त रोध दाखवतो.

जमिनीवरच्या आखूड उभ्या अँटेनाचा दिशालाभ ३ पट धरतात, त्यामुळे १ वॅट ईआयआरपीसाठी ०.३३ वॅट खरोखर प्रसारित व्हायला हवेत. ४७५वर त्यासाठी तारेत १.०५ अँपिअर लागतात, १३७वर ३.६५ अँपिअर. आता तोटे. जमीन आणि आसपासची झाडं-भिंती मिळून ४७५वर ३० ओहम आणि १३७वर ६० ओहम धरू, कॉइलचा क्यू, म्हणजे तिची रिअ‍ॅक्टन्स भागिले तिचा तोट्याचा रोध, ३०० धरू. एकूण रोध अनुक्रमे ३५ आणि ७६ ओहम. म्हणजे ४७५वर ट्रान्समीटर ३९ वॅटचा पुरतो आणि १३७वर १००० वॅट लागतात. कॉइलच्या वरच्या टोकाला ४७५वर दोन हजार व्होल्टचं शिखर, १३७वर पंचवीस हजारांचं.

१३७वर १०० वॅटच दिले तर प्रवाह १.१५ अँपिअर, ईआयआरपी ०.१ वॅट आणि शिखर व्होल्टेज आठ हजारांच्या जरा खाली. तिथून १० डेसिबल वर, म्हणजे दहापट शक्तीला, जायची किंमत म्हणजे आणखी ९०० वॅट आणि पंचवीस हजार व्होल्ट पेलणारे इन्सुलेटर, कॉइल, दोऱ्या. तेच दोन मिनिटांचं ट्रान्समिशन अर्ध्या तासाचं केलं तर १२ डेसिबल मिळतात आणि त्यासाठी लागतं फक्त चांगलं घड्याळ.

कोणता मोड, कधी

मोड म्हणजे सिग्नल रचायची पद्धत. डब्ल्यूएसपीआर, ज्याला सगळे व्हिस्पर म्हणतात, तो जोसेफ टेलर या हौशी रेडिओवाल्या शास्त्रज्ञाने २००८मध्ये आणला. चार टोन, टोनमधलं अंतर १.४६ हर्ट्झ, १६२ चिन्हं, ११०.६ सेकंद, सम मिनिटाला सुरुवात. संदेशात कॉलसाइन (स्टेशनाचं ओळखनाव), लोकेटर (नकाशावरच्या चौकटीचा कोड) आणि शक्ती, एकूण ५० बिट. २५०० हर्ट्झ रुंदीतल्या नॉइजच्या, म्हणजे गोंगाटाच्या, तुलनेत उणे ३१ डेसिबलच्या आसपासचा सिग्नल डीकोड होतो. ऐकणारे सगळ्यात जास्त इथेच सापडतात, म्हणून नवीन ट्रान्समीटरची पहिली चाचणी व्हिस्परवरच करावी.

एफएसटी४ आणि एफएसटी४डब्ल्यू हे मोड डब्ल्यूएसजेटी-एक्स या संगणकावरच्या डीकोडर प्रोग्रॅमच्या २.३ आवृत्तीत, २०२१ साली आले, आणि ते मुख्यतः याच दोन पट्ट्यांसाठी बनवलेले आहेत. एफएसटी४ दुतर्फा संपर्कासाठी, एफएसटी४डब्ल्यू व्हिस्परसारखं बीकनसाठी, म्हणजे एकतर्फी ओळख-सिग्नल पाठवत राहायला. एफएसटी४डब्ल्यूच्या चार लांब्या आहेत आणि त्यांचा उंबरठा, म्हणजे डीकोड होणारा सगळ्यात क्षीण सिग्नल, असा: १२० सेकंदांना उणे ३२.८, ३००ला उणे ३६.८, ९००ला उणे ४१.७, १८००ला उणे ४४.८ डेसिबल. टोनमधलं अंतर त्याच क्रमाने १.४६, ०.५६, ०.१८ आणि ०.०८९ हर्ट्झ. यात जादू काही नाही. वेळ अडीचपट केला की ४ डेसिबल, दुप्पट केला की ३. एकाच लांबीत व्हिस्परपेक्षा सव्वा-दीड डेसिबल जास्त मिळतात ते नव्या कोडचं श्रेय.

दुतर्फा संपर्कासाठी एफएसटी४-६० हा उणे २८ डेसिबलपर्यंत चालतो आणि एका मिनिटाच्या पाळीमुळे संवाद करण्याजोगा वेग राहतो. ४७५वर बहुतेक संपर्कांना तो पुरतो. एफएसटी४-१८००वर पूर्ण संपर्क करायला दोन-तीन तास लागतात आणि तेवढ्यात आयनोस्फिअरच बदलतं, म्हणून तो ठेवणीतलाच समजा.

क्यूआरएसएस, म्हणजे एकेक डॉट ३, १०, ३० सेकंद लांब ठेवून स्क्रीनवर डोळ्यांनी वाचायचा संथ मोर्स, जुना आहे. पण निदान करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. डिजिटल डीकोडर फक्त हो किंवा नाही सांगतो. क्यूआरएसएसची रेघ मात्र तिरकी जाते, सुरुवातीला हुकासारखी वळते, मध्येच जाड होते, आणि प्रत्येक आकाराचा दोष वेगळा असतो.

घड्याळ

दोन चुका वेगळ्या ओळखाव्या. फ्रिक्वेन्सी चार हर्ट्झने चुकलेली पण तिथेच स्थिर असेल तर बिघडत नाही, डीकोडर आजूबाजूला शोधतो. ती ट्रान्समिशन चालू असताना सरकत असेल तर मात्र सगळं हातचं जातं. माझा ढोबळ नियम असा: पूर्ण ट्रान्समिशनमध्ये मिळून सरकणं टोनच्या अंतराच्या एक तृतीयांशाच्या आत हवं. मग हिशोब असा पडतो. ३०० सेकंदांच्या मोडला ०.१९ हर्ट्झची मुभा आहे, म्हणजे ४७५वर दहा लाखांत ०.४ भाग आणि १३७वर १.४ भाग. ९०० सेकंदांना ०.०६ हर्ट्झ, म्हणजे ०.१३ आणि ०.४४ भाग. १८००ला ०.०३ हर्ट्झ, म्हणजे ०.०६ आणि ०.२ भाग.

यातूनच ठरतं कोणत्या मोडला कोणतं घड्याळ. साधा क्रिस्टल ऑसिलेटर, तोही पॉवर अँप्लिफायरच्या शेजारी, व्हिस्परपुरता ठेवा. तापमान भरपाई असलेला टीसीएक्सओ, अर्धा तास गरम होऊ दिलेला, बंद डब्यात आणि पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, ३०० सेकंदांना दोन्ही पट्ट्यांवर आरामात चालतो आणि १३७वर ९००लाही बऱ्याचदा चालतो. १८००साठी जीपीएसला बांधलेलं १० मेगाहर्ट्झचं संदर्भ घड्याळ घ्या आणि त्यावर वाद घालू नका.

सगळ्यात फसवी चूक अपकन्व्हर्टरची. स्वस्त एसडीआर डाँगलला (संगणकाला लावायच्या छोट्या रिसीव्हरला) १२५ मेगाहर्ट्झचा अपकन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल तेवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेणारं यंत्र, लावून ४७५ किलोहर्ट्झ ऐकणारे पुष्कळ आहेत. माणूस हिशोब करतो ४७५ किलोहर्ट्झच्या दहा लाखांत एक भागाचा, पण इथे सरकतो तो १२५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर. तो दहा लाखांत ०.१ भाग हलला तरी १२.५ हर्ट्झ झाले, आणि डाँगलचं घड्याळ वेगळं असल्यामुळे ती चूक वजा होत नाही. दोन्हींना एकच संदर्भ दिला तर प्रश्न मिटतो. ट्रान्सीव्हरमध्येही हेच पाहायचं: सगळे ऑसिलेटर एकाच मास्टर क्रिस्टलवरून निघत असतील तर चूक ४७५ किलोहर्ट्झच्या प्रमाणातच राहते, बीएफओ (सिग्नलचा ऐकू येणारा टोन करणारा शेवटचा ऑसिलेटर) वेगळ्या क्रिस्टलवर असेल तर नाही.

साउंड कार्डाची फार काळजी नको. १५०० हर्ट्झच्या टोनवर दहा लाखांत एक भाग म्हणजे ०.००१५ हर्ट्झ. पण ३८४ किलोहर्ट्झने सॅम्पल करणाऱ्या कार्डाला तारच जोडून १३७ थेट ऐकत असाल तर कार्डाचं घड्याळ हेच तुमच्या रिसीव्हरचं घड्याळ. आणि कुठल्याही कार्डात सॅम्पल गळणं वाईट. पंधराव्या मिनिटाला संगणकाने काही मिलिसेकंद गिळले तर पुढचा अर्धा भाग मागच्याशी जुळत नाही. यूएसबीची झोप बंद ठेवा, कार्ड हबवर न लावता थेट लावा, लांब ट्रान्समिशन चालू असताना संगणकाला दुसरं जड काम देऊ नका.

तारखेचं-वेळेचं घड्याळ त्यामानाने सोपं. एका सेकंदाच्या आत असलं की झालं. फक्त संगणकाची मूळ सोय कित्येकदा आठवड्यातून एकदाच वेळ जुळवते. इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीचा नीट चालणारा प्रोग्रॅम बसवा.

ऐकणं जमल्याशिवाय पाठवू नका

रिसीव्हरची पहिली परीक्षा म्हणजे ५१८ आणि ४९० किलोहर्ट्झवरचं नॅव्हटेक्स, जहाजांसाठीचं हवामान-सूचनांचं प्रसारण. रात्री तेही दिसत नसेल तर ४७५वर व्हिस्पर दिसणार नाही. खाली ४०, ६०, ६८.५, ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेची स्टेशनं आहेत: जेजेवाय, एमएसएफ, डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी, बीपीसी, डीसीएफ७७. त्यांच्या कॅरियरवर फ्रिक्वेन्सी तपासता येते.

मध्यम लहरींच्या जवळच्या ताकदवान स्टेशनाने रिसीव्हर गुदमरतो, हे इथलं नेहमीचं दुखणं. पट्टाभर खोटे सिग्नल पसरतात, नॉइज वाढलेला दिसतो आणि माणूस अँटेनाला दोष देतो. पुढे लो-पास फिल्टर लावा, ४७५साठी ५०० किलोहर्ट्झच्या जरा वर कापणारा, १३७साठी २०० किलोहर्ट्झला कापणारा. फिल्टर लावल्यावर नॉइज खाली आला तर तो नॉइज बाहेरचा नव्हताच.

बाहेरचा नॉइज मात्र बहुधा आपल्याच घरातून येतो: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सौर इन्व्हर्टर, राउटरचा अ‍ॅडॅप्टर. रिसीव्हर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा, मुख्य स्विच पाडा आणि स्क्रीनवर किती डेसिबल उतरतात ते पाहा. मग एकेक सर्किट चालू करत जा. मिनी-व्हिपसारख्या छोट्या सक्रिय अँटेनात घोळ बहुतेक वेळा केबलच्या जाळीतून होतो. घराच्या अर्थिंगवरचा कचरा जाळीवरून अँटेनापर्यंत चढतो आणि सिग्नल म्हणून परत उतरतो. अँटेनाच्या खांबापाशी जाळीला वेगळा अर्थ रॉड द्या, घरात शिरताना वेगवेगळ्या गुंडाळ्यांचा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर लावा आणि केबलचे दहा-बारा वेढे फेराइट कोरवर घ्या. एवढ्याने नॉइज उतरत नसेल तर लूप अँटेना करून पाहा. लूप फिरवून तिची बहिरी दिशा नॉइजच्या उगमाकडे करता येते, हा तिचा मोठाच फायदा.

विजेचे कडकडाट हा दुसरा शत्रू. एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सावरणारी सोय, बंद ठेवा. चालू असेल तर प्रत्येक कडकडाटानंतर रिसीव्हर क्षणभर बहिरा होतो आणि तेवढा सिग्नल वाया जातो. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये एफएसटी४ मोडना टक्केवारीत मोजलेला नॉइज ब्लँकर (कडकडाटाचे तुकडे कापून टाकणारी सोय) आहे. तिथे उणे आकडा दिला की प्रोग्रॅम स्वतःच वेगवेगळ्या टक्क्यांनी डीकोड करून पाहतो. पावसाळी हवेत याचा स्पष्ट फरक पडतो. ऑडिओची पातळी सिग्नल नसताना ३० डेसिबलच्या आसपास ठेवा.

ट्यूनिंग अशी: ४७५वर डायल ४७४.२ किलोहर्ट्झ आणि अप्पर साइडबँड, १३७वर डायल १३६.०, आणि खरी फ्रिक्वेन्सी म्हणजे डायल अधिक ऑडिओ. ऑडिओ १४०० ते १६०० हर्ट्झ.

कॉइल

४७५साठी १६० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पॉलिप्रॉपिलीन पाइप, त्यावर दीड मिलिमीटरची एनॅमल तांब्याची तार, दोन वेढ्यांत पाऊण मिलिमीटरची फट. अशा ६४ वेढ्यांना सुमारे १५० मिलिमीटर लांबी लागते आणि ४७० मायक्रोहेन्री मिळतात. पण आपल्या तारेची धारिता नेमकी २४० पिकोफॅरड निघेल असं नाही, म्हणून ७० वेढे घाला आणि ६० ते ७०च्या दरम्यान दर दुसऱ्या वेढ्याला टॅप काढा. त्यात ४२७ ते ५२३ मायक्रोहेन्री, म्हणजे २१५ ते २६३ पिकोफॅरडच्या तारा बसतात. बारीक जुळवणीला आत फिरणारी छोटी कॉइल, म्हणजे व्हॅरिओमीटर: ११० मिलिमीटरच्या पाइपवर दहा वेढे, मोठ्या कॉइलशी एकसरीत. आतली कॉइल फिरवली की एकूण इंडक्टन्स काही टक्के वरखाली होतो.

१३७साठी ३०० मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या पिंपावर ३०० मिलिमीटर लांबीत १६६ वेढे. तार जवळजवळ १५६ मीटर लागते. या फ्रिक्वेन्सीला तांब्यात प्रवाह वरच्या ०.१८ मिलिमीटरच्या थरातच वाहतो, ४७५वर तर ०.१ मिलिमीटरच्याही आत. म्हणून जाड एकसंध तारेतलं बहुतेक तांबं नुसतं वजन वाढवतं. ०.१ मिलिमीटरच्या धाग्यांची लिट्झ तार मिळाली तर क्यू चांगला येतो. तिच्या टोकांना प्रत्येक धागा कथिलाने नीट धरला आहे याची खात्री करा, चार धागे सुटले तर फायदा तिथेच गळतो.

पीव्हीसीचा पाइप ४७५वर कमी शक्तीला चालून जातो. १३७वर, काही हजार व्होल्टखाली, तो गरम होतो, मऊ पडतो आणि वेढे सैल होतात. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन चांगलं.

व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आडव्या तारेच्या दूरच्या टोकाला, आणि नेमकं तिथेच लोक साधी दोरी बांधतात. ओली नायलॉनची दोरी गळते, तापते, जळते. टोकाशी इन्सुलेटर द्या, पुढे पॉलिप्रॉपिलीनची दोरी. तारेचं कापलेलं टोक उघडं ठेवू नका, वळवून गोल कडी करा, नाहीतर रात्री तिथे निळसर कोरोना, म्हणजे हवेत गळणाऱ्या विजेचा उजेड, दिसतो आणि त्याचा चर्र आवाज येतो. फांद्यांपासून तार दोन-तीन मीटर तरी दूर ठेवा. वाळक्या पानाला ठिणगी लागून आग लागू शकते. कॉइलच्या डब्याभोवती कुंपण आणि पाटी असलीच पाहिजे, आरएफचा, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या विजेचा, चटका खोलवर भाजतो. वादळाच्या काळात तार सरळ जमिनीला जोडून ठेवा.

जमिनीखाली एक लांब तार घालण्यापेक्षा आडव्या तारेच्या खाली पसरलेल्या दहा-वीस आखूड तारा, म्हणजे रेडिअल, बऱ्या. किती फरक पडला ते मोजता येतं: अनुनादात असताना वॅटला अँपिअरच्या वर्गाने भागा. ५० वॅटला १.२ अँपिअर म्हणजे ३५ ओहम. चार रेडिअल वाढवून प्रवाह १.३ झाला तर रोध ३० ओहमच्या खाली आला आणि सिग्नल ०.७ डेसिबलने वाढला. प्रवाह वाढेनासा झाला की रेडिअल पुरे.

ट्रान्समीटर

हे सगळे मोड स्थिर उंचीच्या लहरीचे आहेत, रेषीय अँप्लिफायरची गरज नाही. क्लास डी म्हणजे दोन मॉस्फेट (एका जातीचे ट्रान्झिस्टर) आळीपाळीने स्विच करायचे, कार्यक्षमता ८०-९० टक्के. दुप्पट फ्रिक्वेन्सीची चौकोनी लहर ७४एचसी७४ या फ्लिपफ्लॉप चिपने दोनने भागली की नेमकं निम्मं-निम्मं ड्राइव्ह मिळतं. मग गेट ड्रायव्हर, मॉस्फेट, फेराइटचा ट्रान्सफॉर्मर आणि लो-पास फिल्टर.

इथला नेहमीचा अपघात असा: ड्राइव्ह थांबतं, फ्लिपफ्लॉप कुठल्यातरी एका बाजूला अडकून राहतो, एक मॉस्फेट सतत चालू राहतो आणि पुरवठा ट्रान्सफॉर्मरमधून शॉर्ट होतो. गेटला ड्राइव्ह कपॅसिटरमधून द्या आणि गेटपासून सोर्सला रोध लावा, म्हणजे लहर थांबली की दोन्ही मॉस्फेट बंद होतात. पुरवठ्यावर प्रवाहमर्यादा हवीच.

ट्रान्सफॉर्मरला पावडर आयर्नचा लाल कोर वापरू नका, तो फिल्टरच्या कॉइलसाठी. ५० ओहमला समांतर येणारी रिअ‍ॅक्टन्स निदान पाचपट हवी, म्हणजे १३७वर २९० मायक्रोहेन्री. ती फेराइटच्या ७७ किंवा ३सी९० जातीच्या कोरवर थोड्या वेढ्यांत मिळते. ३५ ओहमच्या अँटेनाला १२ आणि १० वेढ्यांचं गुणोत्तर बरोबर बसतं.

पाऊस, स्कोप आणि रेघ

अँटेना किती बिनजुळता आहे एवढंच दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर इथे अपुरा आहे, तो कुठल्या बाजूला सरकलो ते सांगत नाही. फीडपॉइंटपाशी व्होल्टेज आणि प्रवाह दोन्हींचे नमुने घेऊन दोन चॅनेलच्या ऑसिलोस्कोपवर दाखवणारा स्कोपमॅच करा. एक फेराइट रिंग, एक दुभाजक, दोन ५० ओहमचे रोध, एवढंच काम. जुळलेल्या अँटेनात दोन्ही लहरी एकमेकींवर तंतोतंत बसतात. मग सर येते. पहिली काही मिनिटं काहीच नाही. मग प्रवाहाची लहर व्होल्टेजच्या मागे रेंगाळू लागते, दोघींमध्ये बारीक फट दिसते, ती रुंदावते, आणि अँपिअरमीटरचा काटा हळूच खाली येतो. ओली तार, ओले इन्सुलेटर आणि ओली पानं मिळून धारिता १ टक्का वाढली तर अनुनाद अर्ध्या टक्क्याने उतरतो: ४७५वर २.४ किलोहर्ट्झ, १३७वर ०.७ किलोहर्ट्झ. वरच्या उदाहरणातल्या अँटेनाची बँडविड्थ ४७५वर १२ किलोहर्ट्झ आहे, तिथे हे खपून जातं. १३७वर ती २.१ किलोहर्ट्झच, तिथे व्हॅरिओमीटर फिरवावा लागतो. अर्ध्या तासाचं ट्रान्समिशन असेल तर मध्येच फिरवावा लागतो, म्हणून त्याला छोटी मोटर लावणं सार्थकी लागतं.

उलट बाजू जास्त धोक्याची. भिजलेल्या तारेवर नीट जुळवलं आणि ऊन पडून तार सुकली की अँटेना कपॅसिटिव्ह दिसू लागतो, आणि व्होल्टेज स्विच करणाऱ्या हाफ-ब्रिजला (दोन मॉस्फेटच्या जोडीला) तसा भार अजिबात सोसत नाही, मॉस्फेट तापतात. मधला फिल्टर फेज बदलतो, त्यामुळे मॉस्फेटच्या ड्रेनवरची लहर एकदा स्कोपवर पाहूनच कोणती बाजू सुरक्षित ते ठरवा.

पाठवायची फ्रिक्वेन्सी निवडताना ऑडिओत १५०० हर्ट्झचा गोल आकडा टाळा. १३७.५०० आणि ४७५.७०० किलोहर्ट्झ दोन्ही ५० हर्ट्झच्या पटीत येतात, आणि विजेशी जोडलेल्या उपकरणांच्या नॉइजच्या रेघा ऐकणाऱ्याकडे तिथेच असण्याचा संभव जास्त. १४८३ किंवा १५२१ हर्ट्झ घ्या. वॉटरफॉलवर, म्हणजे स्क्रीनवरच्या वेळ-फ्रिक्वेन्सीच्या आलेखावर, रात्रभराचं चित्र ठेवलं की मोकळी जागा दिसते.

संदेशात शक्ती लिहिताना ट्रान्समीटरची न लिहिता ईआयआरपी लिहा: ०.१ वॅट म्हणजे २० डीबीएम, १ वॅट म्हणजे ३०. समोरच्याच्या अंदाजाला त्यानेच अर्थ येतो.

रात्री ४७५वर ३०० सेकंदांचे रिपोर्ट येतात आणि १८००चे येत नाहीत, असं बऱ्याचदा होतं. कागदावर १८०० हा ८ डेसिबल सरस आहे, तरीही. आयनोस्फिअरवरून परतलेला सिग्नल स्वतःच थोडा पसरतो, आणि तो पसारा ०.०८९ हर्ट्झच्या जवळ गेला की लांब मोडचा फायदा उलटतो. दिवसा जमिनीलगतच्या लहरीवर आणि १३७वर हा त्रास कमी. दोष आकाशाचा की आपला, हे पाहायची सोय प्रोग्रॅममध्येच आहे: लॉग फोल्डरमध्ये प्लॉटस्पेक नावाची रिकामी फाइल, नाव अर्थात रोमन लिपीत, ठेवली की एफएसटी४डब्ल्यूच्या प्रत्येक डीकोडबरोबर सिग्नलची रुंदी मोजली जाते. स्वतःचा सिग्नल जीपीएसला बांधलेल्या शेजारच्या रिसीव्हरवर घ्या आणि दूरच्या स्टेशनाकडून त्याच वेळची रुंदी मागवा. जवळ अरुंद आणि दूर रुंद असेल तर ३०० सेकंदांवर परत या. दोन्हीकडे सारखीच रुंद असेल तर ऑसिलेटरचा डबा उघडा.